हलके फ्लायव्हील आणि परफॉर्मन्स क्लच: निवड, जोडणी आणि रुळवणी

फ्लायव्हील म्हणजे क्रँकच्या, अर्थात इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकावरची जड चकती. हलके फ्लायव्हील बसवल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. गाडी वेग घेत असताना इंजिनाला गाडीबरोबर स्वतःचे फिरते वजनही ओढावे लागते. त्यात खर्च होणारा टॉर्क वाचतो, एवढीच कमाई. ही कमाई खालच्या गिअरमध्ये चांगली जाणवते आणि वरच्या गिअरमध्ये जवळजवळ संपते.

आकड्यांत पाहू. मूळ फ्लायव्हील ८ किलोचे आणि १४ सेंटिमीटर त्रिज्येची भरीव चकती आहे असे धरा. तिचे जडत्व आघूर्ण (फिरण्याचा वेग बदलण्याला होणारा विरोध) साधारण ०.०७८ किलो-मीटर वर्ग येते. त्याच आकाराचे ४ किलोचे फ्लायव्हील लावले की ते निम्मे होते, म्हणजे ०.०३९ वाचले. पहिला गिअर ३.६ आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचे शेवटचे गिअर गुणोत्तर) ४.१ असेल तर एकूण गुणोत्तर १४.७६. त्याचा वर्ग करून वाचलेल्या आघूर्णाने गुणा आणि टायरच्या त्रिज्येच्या, म्हणजे ०.३ मीटरच्या, वर्गाने भागा. उत्तर येते सुमारे ९५ किलो. पहिल्या गिअरमध्ये गाडीतून एक धष्टपुष्ट माणूस उतरवल्यासारखा फरक पडतो. चौथा गिअर १:१ असेल तर हेच उत्तर जेमतेम ७ किलोवर येते. चौथ्यात गाडी पळायला लागल्याचे कोणी सांगितले तर तो बहुतेक नव्या क्लचचा आनंद समजावा.

या गणितात वर्ग दोनदा येतो हे लक्षात ठेवा. वजन केंद्रापासून किती दूर आहे त्याचाही वर्गच मोजला जातो, म्हणून कडेचे एक किलो मधल्या दोन-तीन किलोंना भारी पडते. एकाच वजनाची दोन फ्लायव्हील चालवायला वेगळी लागू शकतात. विकत घेताना वजनाबरोबर आघूर्णही विचारा. चांगले उत्पादक ते सांगतात.

किती हलके घ्यावे

फ्लायव्हील इंजिनाचे धक्के गिळते, गाडी जागेवरून उचलताना साठवलेली ऊर्जा देते आणि क्लचची उष्णता शोषते. वजन कमी केले की ही तिन्ही कामे थोडी-थोडी कमी होतात. रोज वाहतुकीत चालणाऱ्या गाडीला मूळ वजनाच्या ६० ते ७५ टक्के वजनाचे पोलादी फ्लायव्हील बरे पडते. ३ ते ४ किलोची अॅल्युमिनियमची चकती ट्रॅकवर सुंदर चालते. चढावरच्या सिग्नलला मात्र तीच गाडी वारंवार बंद पडते. पोर्शेच्या ९६४ पिढीच्या आरएस आवृत्तीत कंपनीनेच हलके फ्लायव्हील दिले होते आणि त्यात इंजिन बंद पडण्याची खोड होतीच.

उष्णतेचा हिशोब बहुतेक लोक करत नाहीत. १३०० किलोची गाडी थांबलेल्या स्थितीतून क्लच घसरवत ताशी ३० किलोमीटरपर्यंत नेली की साधारण ४५ किलोज्युल उष्णता घर्षणपृष्ठावर तयार होते. त्यातली निम्मी फ्लायव्हीलमध्ये गेली तर ८ किलोचे पोलाद सरासरी ५-६ अंशांनी तापते आणि ४ किलोचे ११ अंशांनी. पृष्ठभाग तर त्याहून कितीतरी जास्त तापतो. असे एक लाँच (थांब्यापासून जोरात सुटणे) काहीच नाही, पण ओळीने दहा केले की क्लच प्लेट जळक्या वासाची होते आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग उठतात. त्या डागांखालचे पोलाद कडक झालेले असते आणि पुढे तिथेच क्लच थरथरतो.

आता धातू. बिडाचे मूळ फ्लायव्हील खरादावर पातळ करून हलके करण्याचा मोह टाळा. ८००० आरपीएमला १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या कडेचा वेग ताशी ४२० किलोमीटरच्या आसपास असतो. बीड ताणाला कमकुवत. ते फुटले की तुकडे बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे गिअरबॉक्सचे कवच) फोडून पायापाशी येतात. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाच्या एकसंध गोळ्यातून कापलेले, किंवा घर्षणासाठी बदलता येणारी पोलादी चकती बसवलेले अॅल्युमिनियमचे फ्लायव्हील घ्या. स्पर्धेत उतरायचे असेल तर त्यावर एसएफआय (मोटरस्पर्धांच्या सुरक्षा मानकांची अमेरिकी संस्था) १.१ किंवा १.२ चे प्रमाणचिन्ह आहे का ते नियमावलीशी ताडून पाहा.

मूळ फ्लायव्हील दुहेरी असेल तर

निसान ३५०झेडसारख्या अनेक गाड्यांत कंपनीचे फ्लायव्हील ड्युअल मास असते. दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिनाच्या झटक्यांची कंपने गिअरबॉक्सपर्यंत जाऊ न देणे हे त्याचे काम. अशा गाडीच्या मूळ क्लच प्लेटमध्ये बहुधा स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हील करते.

सिंगल मास फ्लायव्हील लावताना प्लेट मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच हवी. जुनी बिनस्प्रिंगची प्लेट त्यावर चढवली तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि सिंक्रो रिंगांनाही (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांनाही) मार बसतो. योग्य प्लेट लावूनही थोडा खडखडाट राहतोच. क्लच पेडल दाबल्यावर तो थांबत असेल तर गिअरबॉक्सचे दात मोकळे वाजत आहेत, बिघाड नाही. हा आवाज सहन होणार नसेल तर ड्युअल मास काढूच नका.

क्लचची ताकद कशी मोजावी

क्लच किती टॉर्क धरेल याचे सूत्र साधे आहे: घर्षणाच्या बाजूंची संख्या × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या. एका प्लेटला दोन बाजू असतात. प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या भागाचा) दाब ६००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर असेल तर २ × ०.३ × ६००० × ०.०९ = ३२४ न्यूटन-मीटर. इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा २० ते ३० टक्के जास्त क्षमता घ्यावी. टर्बो गाडीत ट्यूनिंगनंतरचा आकडा धरा, कागदावरचा नाही.

क्षमता वाढवण्याचे तीन मार्ग याच सूत्रात आहेत. दाब वाढवला की पेडल जड होते. वाहतुकीत डावा पाय त्याची आठवण करून देतो. घर्षणांक वाढवला, म्हणजे सिरॅमिक-धातूचे तुकडे (पक) लावले, तर पेडल हलकेच राहते पण क्लच खटकन पकडतो. बाजू वाढवल्या, म्हणजे दोन प्लेटांचा क्लच घेतला, तर पेडलही हलके आणि पकडही मऊ राहते; फक्त महाग पडतो आणि न्यूट्रलमध्ये मधली चकती वाजते.

घर्षणसाहित्यात ऑरगॅनिक सर्वांत मऊ आणि रोजच्या वापराला योग्य, पण फार तापवले की चकाकी चढून घसरू लागते. केव्हलार टिकाऊ आहे, मात्र रुळायला वेळ घेते आणि रुळण्याआधी तापले तर कायमचे बिघडते. सिरॅमिक-धातूच्या पक प्लेटा उष्णता झेलतात आणि मागे-पुढे गाडी लावताना त्रास देतात. स्टेज १, २, ३ या शब्दांना कोणतेही प्रमाण नाही. एका कंपनीची स्टेज २ दुसऱ्या कंपनीच्या स्टेज ३ इतकी असू शकते. न्यूटन-मीटरचा आकडा मागा.

हलक्या फ्लायव्हीलबरोबर खटकन पकडणारी प्लेट, ही रस्त्यावरची सर्वांत वाईट जोडी. साठवलेली ऊर्जा कमी आणि हळुवार सोडायला जागाही नाही. फ्लायव्हील जितके हलके, प्लेट तितकी मऊ घ्यावी.

मागवण्याआधी तपासायच्या गोष्टी

बॅलन्स. बहुतेक इंजिनांचा क्रँक स्वतंत्रपणे तोललेला असतो, पण सगळ्यांचा नाही. फोर्डच्या ३०२ व्ही-८ मध्ये जुन्या इंजिनांना २८ औंस-इंचाचा मुद्दाम दिलेला असमतोल लागतो आणि नंतरच्या ५.० इंजिनांना ५० चा. चुकीचे फ्लायव्हील लावले की इंजिन हादरून बेअरिंगे खाते. माझदाच्या १३बी रोटरी इंजिनात तोलाचे वजन मूळ फ्लायव्हीलमध्येच असते. हलके लावायचे तर ऑटोमॅटिक गाडीचे वेगळे काउंटरवेट घ्यावे लागते आणि तेही आपल्या इंजिनाच्या रोटरांना जुळणारे. तिथे बोल्टांऐवजी ५४ मिलिमीटरचा एकच मोठा नट असतो. घरगुती पान्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

रिंग गिअरचे दात स्टार्टरला जुळले पाहिजेत. क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दात किंवा खाचा वाचत असेल तर नव्यावरही त्याच जागी तशाच खाचा हव्यात, नाहीतर इंजिन सुरूच होणार नाही. क्लच प्लेट इंजिनाच्या बाजूने फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत नाही ना, हेही आधी टेबलावर पाहा. जाड हबची प्लेट आणि वेगळ्या उंचीचे बोल्ट एकत्र आले की ही गंमत घडते आणि सगळे जोडून झाल्यावरच कळते.

गिअरबॉक्स उतरवणे हेच या कामातले मोठे काम. आतले स्वस्त भाग जुने ठेवून ते दुसऱ्यांदा करण्यात शहाणपण नाही. म्हणून यादीत हे सगळे असू द्या: रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे), पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारे) किंवा बुश, क्रँकचे मागचे मेन सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील, फ्लायव्हीलचे नवे बोल्ट, प्रेशर प्लेटचे बोल्ट, फोर्कचा पिव्होट आणि क्लिप, गिअरबॉक्स ऑइल, ब्रेक फ्लुइड, स्प्लाइनचे (इनपुट शाफ्टवरच्या उभ्या दातांचे) ग्रीस, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, ब्रेक क्लीनरचे तीन-चार डबे. स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा हायड्रॉलिक दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा) बेल हाउसिंगच्या आत असेल तर तोही नवाच. अवजारांत टॉर्क रेंच, अंश मोजणारी चकती, डायल गेज, फ्लायव्हील लॉक, प्लेट मध्यावर धरणारा अलाइनमेंट दांडा आणि गिअरबॉक्स जॅक.

उतरवणे

१. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घ्या. इनपुट शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स मागे आणि मग खाली सरकायला जागा हवी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका.

२. गिअरबॉक्स ऑइल काढा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर आधी खुणा करा म्हणजे तो त्याच स्थितीत परत बसेल. पुढच्या चाकांच्या गाडीत दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढा.

३. गिअर लिव्हरची जोडणी, वायरिंग, स्टार्टर आणि एक्झॉस्टचा आड येणारा भाग मोकळा करा. बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर नळी न सोडवता बाजूला बांधा. तो सुटा असताना कोणी पेडल दाबले तर पिस्टन बाहेर उडतो.

४. इंजिनाला खालून किंवा वरून आधार द्या. गिअरबॉक्स सुटला की ते मागे झुकते आणि नळ्या ताणते.

५. बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचे चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर अॅल्युमिनियमला तडा जातो.

६. गिअरबॉक्स जॅकवर घेऊन सरळ मागे ओढा. क्लच पुल प्रकारचा, म्हणजे बेअरिंगने ढकलून नव्हे तर ओढून सुटणारा, असेल, जसा माझदा आरएक्स-७ एफडी किंवा मित्सुबिशी इव्होच्या काही पिढ्यांत असतो, तर रिलीज बेअरिंग आधी प्रेशर प्लेटपासून सोडवावे लागते. ते विसरलात तर कितीही हलवले तरी गिअरबॉक्स सुटत नाही, आणि जोर लावला तर फोर्क वाकतो.

७. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, एका वेळी अर्धा फेरा, असे सैल करा. क्लचची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या गाड्यांच्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावा आणि क्लीनरने ओली करून पुसा.

जुन्या प्लेटवर एक नजर टाका. तेल दिसले तर ते मेन सीलचे की गिअरबॉक्सच्या सीलचे, ते आत्ताच शोधा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला येत नाही.

फ्लायव्हील बसवणे

मेन सील नवे बसवा. क्रँकचा फ्लँज स्वच्छ पुसा आणि खरवडलेल्या जागा बारीक दगडाने सपाट करा. धुळीचा एक कण अडकला तरी फ्लायव्हील वाकडे फिरते. नवे पायलट बेअरिंग बाहेरच्या कड्यावर ठोकून बसवा, आतल्या कड्यावर नाही.

नव्या पोलादी फ्लायव्हीलवर गंजरोधक तेल असते. ब्रेक क्लीनरने दोन-तीनदा, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसा, आणि नंतर घर्षणपृष्ठाला बोट लावू नका.

बोल्टांचे टॉर्क हे या कामाचे हृदय. कंपनीचे बरेचसे बोल्ट ताणून घट्ट होणारे असतात, म्हणजे आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश. ते एकदाच वापरायचे. फ्लायव्हीलबरोबर एआरपीसारखे वेगळे बोल्ट आले असतील तर त्यांच्याच कागदावरचा टॉर्क आणि त्यांनी सांगितलेलेच वंगण वापरा. कोरड्या बोल्टासाठीचा आकडा वंगण लावलेल्या बोल्टावर चालवला तर बोल्ट प्रमाणापेक्षा जास्त ताणला जातो. अनेक इंजिनांत ही भोके थेट क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लागते, नाहीतर नव्या प्लेटवर तेल झिरपते आणि दोष नव्या सीलला दिला जातो. बोल्ट समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा.

आता डायल गेज लावून फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवा. क्रँक मागे-पुढे सरकू नये म्हणून तो एका बाजूला दाबून धरा, नाहीतर गेज खोटे बोलेल. घर्षणपृष्ठाचा डोल साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. जास्त असेल तर काढा, फ्लँज पुन्हा पुसा, पुन्हा बसवा. बहुतेक वेळा घाणच सापडते.

क्लच आणि गिअरबॉक्स

प्लेट आधी सुटी घेऊन इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा. अडखळता कामा नये. स्प्लाइनला ग्रीसचा अगदी पातळ थर द्या आणि जास्तीचे पुसून काढा. उरलेले ग्रीस फिरताना प्लेटवर उडते. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर स्प्रिंगांचा उंचवटा बहुधा गिअरबॉक्सकडे जातो. उलटी बसलेली प्लेट फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकते आणि क्लच सुटतच नाही.

अलाइनमेंट दांड्यावर प्लेट धरा, प्रेशर प्लेट डोवेल पिनांवर बसवा आणि बोल्ट ताऱ्याच्या आकारात, थोडे-थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर कव्हर वाकते आणि नंतर थरथर येते. दांडा सहज आत-बाहेर सरकला म्हणजे प्लेट मध्यावर आहे.

गिअरबॉक्स वर चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून बेल हाउसिंगच्या भोकांत मार्गदर्शक म्हणून लावा. त्यांच्यावरून गिअरबॉक्स सरळ सरकतो. शाफ्ट प्लेटमध्ये शिरताना अडला तर मागचा फ्लँज फिरवून स्प्लाइन जुळवा. गिअरबॉक्सचे वजन एक क्षणही शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेऊ नका. शेवटचे दोन सेंटिमीटर हाताने मिटत नसतील तर काहीतरी अडले आहे. मागे घ्या आणि बघा.

आतला हायड्रॉलिक स्लेव्ह असेल तर जोडण्याआधी मोजमाप करा: क्लचची बोटे (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची आतली टोके) ते इंजिनाचा मागचा पृष्ठभाग, आणि बेल हाउसिंगचा पृष्ठभाग ते पूर्ण मागे दाबलेले बेअरिंग. दोन्हींतला फरक म्हणजे मोकळी जागा. ती उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत नसेल तर शिम (पातळ चकती) घाला. जागाच उरली नाही तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. जास्त उरली तर सील आपल्या हद्दीबाहेर सरकून फुटते.

सगळे जोडून झाल्यावर हवा काढा. टोपणावर लिहिलेलेच फ्लुइड वापरा. डॉट ४ सांगितले असेल तिथे सिलिकॉनचे डॉट ५ घालू नका. मग पेडल. वर थोडा मोकळा खेळ हवा, आणि पूर्ण दाबल्यावर क्लच सुटल्यानंतर फार पुढे जाऊ नये. परफॉर्मन्स प्रेशर प्लेटांची बोटे जास्त दाबली तर वाकतात. म्हणून पेडलखाली स्टॉप लावा: इंजिन चालू असताना रिव्हर्स न करकरता पडेल त्या बिंदूच्या थोडे खाली.

रुळवणी आणि तक्रारी

ऑरगॅनिक प्लेटसाठी साधारण ८०० किलोमीटर, केव्हलारसाठी त्याच्या दीडपट-दुप्पट, आणि तेही थांबत-निघत शहरात. महामार्गाचे किलोमीटर मोजू नका; तिथे क्लच घसरतच नाही, तर रुळणार कसा? या काळात लाँच नाही, पूर्ण थ्रॉटल नाही, चढावर क्लचवर गाडी तोलणे नाही.

पहिले काही दिवस हलकी थरथर चालते. रुळवणीनंतरही राहिली तर फ्लायव्हीलचा डोल, तेल किंवा इंजिन माउंट पाहा. मूळ क्लचने झाकलेले ढिले माउंट नवा क्लच उघडे पाडतो. गिअर करकरत असतील तर क्रमाने हवा, पेडलचा स्टॉप, पायलट बेअरिंग, आणि शेवटी उलटी प्लेट. वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढते पण वेग नाही, तर क्लच घसरतो आहे. क्षमता पुरेशी असताना असे झाले तर बहुधा पेडलला मोकळा खेळच उरलेला नसतो.

सिग्नलला इंजिन बंद पडत असेल तर आयडल ५० ते १०० आरपीएम वाढवून घ्या, विशेषतः एसी कॉम्प्रेसर चालू होताना. आणि चेक इंजिनचा दिवा लागून पी०३०० (मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळल्याचा) कोड दिसला तर लगेच कॉइल बदलायला धावू नका. इसीयू (इंजिनाचा संगणक) क्रँकच्या वेगातले चढउतार मोजून मिसफायर ओळखते. हलक्या फ्लायव्हीलमुळे हे चढउतार मुळातच वाढलेले असतात, त्यामुळे नीट जळणारे इंजिनही तिला चुकते आहे असे वाटते. आधी प्लग, कॉइल आणि इंजेक्टर निर्दोष असल्याची खात्री करा. मग ट्यूनरकडून मिसफायर ओळखण्याची मर्यादा सैल करून घ्या. ओळखच पूर्ण बंद करून टाकली तर खरा मिसफायर झाला तेव्हा न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो वितळेपर्यंत दिवा लागत नाही.